तापीकाठचे इंग्रजी व्याकरण

शिरपूर तालुक्याच्या इतिहासात इंग्रज ठळकपणे पहिल्यांदा दिसतात ते थाळनेरच्या दरवाज्यात. तो प्रसंग रक्ताचा आहे. महिदपूरला हार खाल्ल्यावर होळकरांनी जानेवारी १८१८च्या मंदसोरच्या तहाने खानदेशातला आपला मुलूख कंपनीला देऊन टाकला. तो ताब्यात घ्यायला सर थॉमस हिस्लॉपची फौज सेंधव्याचा घाट उतरून तापीकाठी आली. २७ फेब्रुवारीला थाळनेरचा किल्लेदार तुळशीराम याने दरवाजा उघडायचे नाकारले, तेव्हा तोफा चालल्या. नंतर किल्लेदार बाहेर येऊन स्वाधीन झाला आणि काही इंग्रज अधिकारी आतल्या दरवाज्याच्या दिंडीतून आत शिरले. आत अरब शिपाई होते. एकमेकांची भाषा कळेना, अटींचे बोलणे फिसकटले, असे जुन्या वृत्तांतांत येते. तलवारी निघाल्या. मेजर गॉर्डन आणि कॅप्टन मॅकग्रेगर तिथेच पडले. त्यानंतर इंग्रजांनी आतली सगळी शिबंदी कापून काढली आणि किल्लेदाराला फाशी दिले.

मी शिरपुरात इंग्रजी शिकवत होतो तेव्हा दरवर्षी माझ्या वर्गात थाळनेरची मुले असत. किल्ल्याच्या पडक्या बुरुजांवर आणि फारुकी सुलतानांच्या कबरींच्या आसपास ती खेळलेली असायची. व्याकरणाचा पहिला तास मी या गोष्टीने सुरू करीत असे. ‘कशाला पाहिजे सर ग्रामर?’ या प्रश्नाला मला याहून चांगले उत्तर सापडले नाही.

पण इंग्रजी व्याकरण आमच्या भागात कसे आले, कोणाच्या हातून आले, कोणत्या वाटेने आले, हे त्या तासाला सांगून होत नाही. ती वाट मराठीतून जात होती. इंग्रजीचा नियम मराठीत समजून घ्यायचा, मराठी वाक्य इंग्रजीत आणि इंग्रजी वाक्य मराठीत न्यायचे, ते पाटीवर, वहीवर, तोंडी पुन्हा पुन्हा करायचे. या पद्धतीवर पुढे मागासपणाचा शिक्का बसला आणि ती शाळेतून हद्दपार झाली. माझे स्पष्ट मत आहे की तीच आमच्या मुलांच्या सोयीची होती, आणि तिने इंग्रजीइतकेच मराठीलाही घडवले. म्हणून हा इतिहास लिहितो आहे.

सुरुवात उलट बाजूने झाली. आधी मराठी शिकण्याची गरज साहेबाला होती. विल्यम केरीने १८०५ साली श्रीरामपूरला मराठीचे व्याकरण छापले ते इंग्रजी जाणणाऱ्यांसाठी. मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश १८३१चा. त्याच्या कामात मेजर थॉमस कँडी होता, आणि १८४७ साली कँडीचा इंग्रजी-मराठी कोश निघाला. मराठी माणसाने मराठीत लिहिलेले व्याकरण त्याच सुमारास पुढे आले. दादोबा पांडुरंग तर्खडकरांचे ‘महाराष्ट्र भाषेचे व्याकरण’ १८३६चे. दादोबांना मराठीचे पाणिनी म्हणतात. पण त्यांच्यासमोर पाणिनीबरोबर आणखी एक माणूस होता. लिंडली मरे हा अमेरिकेतला वकील, इंग्लंडात यॉर्कजवळ येऊन राहिलेला. तिथल्या मुलींच्या एका शाळेसाठी त्याने १७९५ साली इंग्रजीचे व्याकरण लिहिले आणि ते जगभर गेले. दादोबांनी मराठीची मांडणी करताना मरेचा साचा पुष्कळ अंशी घेतला. आपण नाम, सर्वनाम, विशेषण, क्रियापद, क्रियाविशेषण, शब्दयोगी, उभयान्वयी, केवलप्रयोगी अशा शब्दांच्या आठ जाती पाठ करतो. त्यांची नावे संस्कृत वळणाची असली तरी ही आठ घरांची वाटणी इंग्रजी व्याकरणाशी जुळती आहे. शिरपूरचा विद्यार्थी मराठीच्या तासाला हे शिकून इंग्रजीच्या तासाला बसला की त्याला ओळखीचे घर भेटायचे. ती सोय दादोबांनी करून ठेवली होती.

विरामचिन्हांची गोष्ट तर याहून मोठी आहे. धुळ्याला राजवाडे संशोधन मंडळात मोडी कागद पाहायला मिळतात. इतिहासाचार्य राजवाडे १९२६च्या ३१ डिसेंबरला धुळ्यातच वारले, आणि दुसऱ्या वर्षी त्यांच्या नावाने ही संस्था उभी राहिली. तिथला एखादा मोडी कागद समोर घेऊन बसावे. आधी कागदभर आडवी रेघ ओढलेली असते आणि तिला अक्षरे लोंबत जातात. शब्द कुठे संपला ते दिसत नाही, कारण दोन शब्दांत जागाच सोडलेली नाही. वाक्य कुठे संपले तेही दिसत नाही. ना स्वल्पविराम, ना पूर्णविराम, ना प्रश्नचिन्ह. वाचणाऱ्याने मजकूर मोठ्याने म्हणायचा आणि अर्थ लागेल तिथे थांबायचे. कारकुनाला ते सरावाने जमत असे. पोथीत श्लोकाच्या शेवटी दंड असायचा, गद्याला तेवढाही आधार नव्हता.

ही चिन्हे मराठीत आणण्याचे श्रेय कँडीचे. १८५० साली त्याची ‘विरामचिन्हांची परिभाषा’ प्रसिद्ध झाली. स्वल्पविराम, अर्धविराम, पूर्णविराम ही चिन्हे सरकारी क्रमिक पुस्तकांतून गावोगाव पोचली. म्हणजे आज एखादा मुलगा इंग्रजी निबंधात कॉमा कुठे द्यावा म्हणून अडतो, तेव्हा तो ज्या खुणेपाशी अडतो ती त्याच्या मराठी निबंधातही आहे. म्हणून विरामचिन्हे मी कधी एकट्या इंग्रजीत शिकवली नाहीत. मराठी वर्तमानपत्रातला एक परिच्छेद फळ्यावर चिन्हांशिवाय लिहायचा, मुलांनी तो वाचून दाखवायचा आणि जिथे श्वास घेतला तिथे खडूने खूण करायची. मग तोच उद्योग इंग्रजी परिच्छेदावर. थांबण्याची जागा बहुतेक वेळा कानाला कळते. ज्या ठिकाणी कळत नाही तेवढेच नियम शिकवायचे उरतात.

दादोबांनंतर देवघेव थांबली नाही. गोपाळ गणेश आगरकरांनी १८८८ साली ‘वाक्यमीमांसा’ लिहिली आणि इंग्रजी शाळेत चालणारे वाक्याचे पृथक्करण मराठी वाक्याला लावून दाखवले. उद्देश्य, विधेय, मुख्य वाक्य, गौण वाक्य ही भाषा मराठीच्या तासाला रुळली ती अशा ग्रंथांमुळे. पुढे १९११ साली मोरो केशव दामल्यांचे ‘शास्त्रीय मराठी व्याकरण’ आले. हे केशवसुतांचे भाऊ. मराठीचे व्याकरण लिहिणारी ही सगळी माणसे इंग्रजी उत्तम जाणणारी होती, हे लक्षात ठेवण्यासारखे आहे.

आता ज्या पुस्तकासाठी हा सगळा खटाटोप, त्याकडे येतो. द्वारकानाथ राघोबा तर्खडकरांची ‘भाषांतर पाठमाला’. तीन भाग. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरपासून मराठी मुलखातल्या कितीतरी पिढ्या या पुस्तकावर इंग्रजी शिकल्या. पुस्तकाचे नाव कोणी पुरे घेत नसे. ‘तर्खडकर झाले का?’ एवढेच विचारायचे. मुलगा पहिला भाग संपवून दुसऱ्यात गेला की घरचे शेजारीपाजारी सांगायचे.

धड्याची रचना साधी. आधी शब्द आणि त्यांचे मराठी अर्थ. मग एखादा नियम, मराठीत सांगितलेला. मग इंग्रजी वाक्ये, ती मराठीत करायची. मग मराठी वाक्ये, ती इंग्रजीत करायची. एका धड्यात एकच अडचण सोडवायची, आणि ती सुटली की पुढचा धडा. पुस्तकात चित्रे नाहीत, गोष्टी नाहीत. शिक्षक नसला तरी शहाण्या मुलाला चालेल असे ते पुस्तक आहे, आणि शिरपूरसारख्या ठिकाणी हा त्याचा सर्वांत मोठा गुण ठरला. आमच्या गावाला रेल्वे नाही. जवळचे स्टेशन तापीपलीकडचे नरडाणे, तापी व्हॅली मार्गावरचे. चांगला इंग्रजी शिक्षक मुंबई-पुण्याकडून इकडे यायला सहज तयार होत नसे. पुस्तक मात्र मोटारीने, बैलगाडीने, कोणाच्या तरी पिशवीतून येत असे.

या पुस्तकाची ताकद पाहायची तर बाबासाहेब आंबेडकरांचे उदाहरण पुरे आहे. सुभेदार रामजींनी त्यांच्याकडून हॉवर्डची इंग्रजी क्रमिक पुस्तके आणि तर्खडकरांच्या भाषांतराची पुस्तके घोटून घेतली, हे त्यांच्या चरित्रांत नोंदलेले आहे. १९०७ साली ते मॅट्रिक झाले. पुढे कोलंबिया, लंडन, संविधानाचा मसुदा. ज्या मसुद्यात ‘शॅल’ लिहायचे की ‘मे’ यावर नागरिकाचा हक्क ठरतो, तो मसुदा करणाऱ्या हाताचा पाया मराठीतून इंग्रजीत वाक्ये करण्याच्या सरावाने घातलेला होता.

खानदेशाशी त्यांच्या संबंधातले दोन प्रसंग मला महत्त्वाचे वाटतात. ३१ जुलै १९३७ रोजी ते धुळ्याच्या कोर्टातल्या कामासाठी आले आणि लळिंगच्या कुरणातल्या लांडोर बंगल्यात राहिले. त्या दिवशी तिथे अजूनही माणसे जमतात. त्याआधी, २३ ऑक्टोबर १९२९ला, मुंबई सरकारने नेमलेल्या स्टार्ट समितीच्या कामासाठी खानदेशात फिरून ते चाळीसगावला उतरले. अस्पृश्याला बसवून टांगा हाकायला टांगेवाले तयार होईनात. शेवटी टांगा हाकणे ठाऊक नसलेला माणूस बसला, नदीच्या पुलावर चाक दगडात अडकले आणि बाबासाहेब बाहेर फेकले गेले, पाय मोडला. हा प्रसंग त्यांनी ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’मध्ये इंग्रजीत लिहिला आहे. मी वरच्या वर्गाला तो मुद्दाम वाचून दाखवत असे. त्यातले इंग्रजी पाहा. लहान वाक्ये, एका वाक्यात एक घटना, कर्ता आणि क्रियापद जवळजवळ, विशेषणांची गर्दी नाही. काळ कुठे घसरत नाही. एवढा अपमान आणि एवढे दुखणे असून एक शब्द जास्तीचा नाही. व्याकरण पक्के असलेला माणूस किती साधे लिहू शकतो, हे यापेक्षा चांगले दाखवणारे पान मला माहीत नाही, आणि ते आमच्या चाळीसगावचे आहे.

स्वातंत्र्याआधी शिरपूरकडच्या मुलाने मॅट्रिकची स्वप्ने पाहिली तर धुळे किंवा अमळनेर. अमळनेरला साने गुरुजी १९२४ ते १९३० शिक्षक होते, छात्रालयही त्यांच्याकडे होते. गुरुजींचे नाव निघाले की आईची आठवण, देशभक्ती, प्रार्थना हे सगळे येते. एक गोष्ट सांगायची राहते ती ही की ते अखंड भाषांतर करणारे होते. इंग्रजीतून त्यांनी मराठीत किती आणले! दोन भाषांमध्ये ये-जा करणे हा त्या पिढीतल्या शिक्षकाचा रोजचा व्यवहार होता. पुढे १९४५ साली अमळनेरला प्रताप कॉलेज आले आणि आमच्याकडचीही मुले तिथे जाऊ लागली. शिरपूर तालुक्यात शाळांचे जाळे उभे राहिले ते बोराडीच्या कर्मवीर व्यंकटराव रणधीरांसारख्या माणसांमुळे. किसान विद्या प्रसारक संस्थेने शेतकऱ्याच्या पोराला गावातच इंग्रजीचा तास दिला.

आता त्या पोराच्या तोंडी कोणती भाषा होती ते बघू. पुण्यामुंबईत बसून अभ्यासक्रम आखणाऱ्यांनी हा विचार केला नाही, म्हणून मी त्यावर जरा थांबणार आहे.

शिरपूरचा मुलगा घरी अहिराणी बोलतो. ‘कथा जाई राहिना?’ असे कोणी विचारले तर तो म्हणतो, ‘शाळामा जास.’ शाळेत पोचला की त्याने म्हणायचे, ‘मी शाळेत जातो.’ म्हणजे इंग्रजीचे पुस्तक हाती येण्याआधी चार-पाच वर्षे तो रोज भाषांतर करतच असतो. ‘माले’चे ‘मला’, ‘शे’चे ‘आहे’, ‘मना भाऊ’चे ‘माझा भाऊ’. सातपुड्याच्या पायथ्याकडून येणाऱ्या पावरा मुलाला तर आणखी एक मजल. त्याच्या घरची भाषा वेगळी, बाजाराची अहिराणी वेगळी, पुस्तकाची मराठी वेगळी, आणि मग इंग्रजी. ग्रिअर्सनने आपल्या भाषा-पाहणीत खानदेशी बोली भिल्ली बोलींच्या खंडातच मांडली आहे. तापीच्या उत्तरेकडे राहणाऱ्याला ते शेजार रोज कानी पडते.

आता इंग्रजी शिक्षकाला छळणारी एक चूक घ्या. ‘ही गो टु स्कूल’ आणि ‘आय गोज टु स्कूल’. ‘एस’ हवा तिथे नाही आणि नको तिथे आहे. याला बेफिकिरी म्हणून छड्या मारलेल्या मी पाहिल्या आहेत. अहिराणीत काय होते? मी जास, तू जास, तो जास. तिघांना एकच रूप. अनेकवचनात आम्ही जातस, तुम्ही जातस, त्या जातस. क्रियापद माणसाप्रमाणे बदलत नाही, एक आहे की अनेक आहेत एवढ्यावरच बदलते. ज्याच्या कानात हे मुरले आहे त्याला ‘आय गो’ आणि ‘ही गोज’ यांत फरक का करायचा हे आतून कळणारच नाही. त्याला ते सांगावे लागते. आणि सांगायला वाट आहे ती पुस्तकी मराठीची: मी जातो, तू जातोस, तो जातो. मराठीत ‘तू’ला ‘स’ लागतो, इंग्रजीत ‘तो’ला लागतो. तीन भाषा फळ्यावर शेजारी शेजारी लिहिल्या की मुले स्वतःच बोट ठेवून फरक दाखवत. त्यानंतर ही चूक झाली तर तिचे कारण तरी त्यांना ठाऊक असे.

आर्टिकलचेही तसेच. ‘अ’ आणि ‘द’ मराठीत नाहीत, म्हणून ते शिकवता येत नाहीत असे म्हणतात. पण आजीची गोष्ट ऐका. ‘एक राजा होता. राजाला दोन राण्या होत्या.’ पहिल्या वाक्यात ‘एक’ आहे, दुसऱ्यात नाही, कारण आता राजा आपल्या ओळखीचा झाला. दुसऱ्या वाक्यात पुन्हा ‘एका राजाला’ म्हटले तर पोर लगेच विचारेल, हा दुसरा कोण? ‘एक’ जिथे येतो तिथे ‘अ’, ओळख झाल्यावर जिथे गळतो तिथे ‘द’. नियम एवढाच नाही हे मान्य, नद्या, पर्वत, वर्तमानपत्रांची नावे ही यादी पुढे पाठ करावीच लागते. पण निम्म्याहून जास्त जागा या राजाने सोडवता येतात.

काळांचा अभ्यास मराठी मुलाला जड जाऊ नये. गेला, गेला आहे, गेला होता. ‘वेन्ट’, ‘हॅज गॉन’, ‘हॅड गॉन’. तीन रूपे तीन रूपांपुढे सरळ उभी राहतात. फसगत एका ठिकाणी होते. मराठीत आपण बिनदिक्कत म्हणतो, ‘मी काल त्याला पैसे दिले आहेत.’ इंग्रजीत ‘काल’ आला की ‘आहेत’ चालत नाही. ‘आय हॅव गिव्हन हिम मनी यस्टरडे’ हे मराठी माणसाचे ठरलेले वाक्य आहे, आणि ते मोठमोठ्या साहेबांच्या पत्रांतही सापडते. दुसरी फसगत दुसऱ्याचे बोलणे सांगताना. ‘तो म्हणाला की मी येतो.’ मराठीत ‘की’ नंतरही बोलणाऱ्याचेच शब्द राहतात, ‘मी’ म्हणजे तोच. इंग्रजीत ‘दॅट’ आला की ‘मी’चा ‘तो’ होतो आणि काळही मागे सरकतो. मुलगा ‘ही सेड दॅट आय ॲम कमिंग’ लिहितो आणि अर्थ पार बदलतो, येणारा माणूसच दुसरा होतो. शब्दांच्या निवडीतही हेच. आपण मार खातो, शपथ खातो, हवा खातो. दिवा आपण बंद करतो, म्हणून ‘क्लोज द लाइट’. औषध पितो, म्हणून ‘ड्रिंक मेडिसिन’. या चुका मराठीतून येतात हे उघड आहे. म्हणून मराठी वर्गाबाहेर ठेवा, असे नव्या पंडितांनी सांगितले. वर्गाबाहेर ठेवल्याने ती मुलाच्या डोक्याबाहेर जात नाही. तर्खडकरांनी ती समोर बसवून तिच्याशी हिशेब केला. मला त्यांचे बरोबर वाटते.

मराठी बाहेर काढण्याची चळवळ जुनी आहे. पी. सी. रेन हा मुंबई इलाख्याच्या शिक्षणखात्यातला अधिकारी. ‘रेन अँड मार्टिन’ या नावाने देशभर चालणाऱ्या व्याकरणातला रेन तो हाच, आणि ‘बो जेस्ट’ ही कादंबरी लिहिणाराही हाच. हिंदुस्थानातल्या शाळांतून इंग्रजी थेट इंग्रजीतूनच शिकवावे, याचा तो पुरस्कर्ता होता आणि त्यावर त्याने पुस्तकही लिहिले. शहरातल्या, घरात इंग्रजी ऐकणाऱ्या मुलांना ते मानवले असेल. आमच्याकडे बराच काळ ते पोचलेच नाही, आणि माझ्या मते ते बरे झाले.

स्वातंत्र्यानंतर मुंबई राज्यात बाळासाहेब खेरांच्या सरकारने पाचवी ते सातवीतून इंग्रजी काढले. आठवीला एबीसीडी आणि अकरावीला एस.एस.सी. हातात वर्षे चार. ज्यांना परवडत होते ते इंग्रजी माध्यमाकडे वळू लागले. १९५४च्या जानेवारीत सरकारने त्यावरही बंधन घातले, तेव्हा देवळालीचे बार्न्स हायस्कूल चालवणारी संस्था कोर्टात गेली आणि त्याच वर्षी मे महिन्यात सर्वोच्च न्यायालयात सरकार हरले. श्रीमंतांची वाट मोकळी झाली. खेड्यातल्या मुलाला तीच चार वर्षे राहिली. खेरांचा हेतू मराठीच्या भल्याचा होता यात मला शंका नाही. पण त्या निर्णयाची किंमत शिरपूर, शहादे, शिंदखेड्याच्या पोरांनी मोजली.

चार वर्षांत इंग्रजी उरकायचे म्हणून पाठांतराला ऊत आला. सकाळी शाळेच्या व्हरांड्यातून आवाज यायचा: गो वेन्ट गॉन, डू डिड डन, राइट रोट रिटन. व्ही-वन, व्ही-टू, व्ही-थ्री. त्या पाठांतराला मी नावे ठेवणार नाही. ज्यांनी ते तालात म्हटले त्यांची रूपे आज साठी-सत्तरीतही चुकत नाहीत. शिरपूरच्या बँकेत, मार्केट यार्डात अशी माणसे भेटतात. इंग्रजी बोलायला बिचकतील, पण ‘हॅज वेन्ट’ लिहिणार नाहीत.

नुकसान केले ते परीक्षेने. ‘डू ॲज डायरेक्टेड’ हा प्रश्न महाराष्ट्रातल्या प्रत्येक एस.एस.सी. झालेल्याला आठवेल. रिमूव्ह ‘टू’. यूज ‘नो सूनर... दॅन’. चेंज द व्हॉइस. अर्थ न बदलता नकारार्थी करा. वाक्य समजले नाही तरी हे सोडवता येते, हे मुलांना लवकर कळले. ‘टू’ काढून ‘सो’ घाला, ‘टु’ काढून ‘दॅट’ घाला, ‘कॅनॉट’ घाला, मार्क मिळाला. व्याकरणाचा उपयोग आपल्या मनातले नेमके सांगायला असतो. या प्रश्नात मनातले काही नव्हतेच, दुसऱ्याचे वाक्य उलटेपालटे करायचे होते. गाइडे आली, ‘अपेक्षित’ प्रश्नसंच आले आणि भाषांतराची वही मागे पडली. तर्खडकर करणाऱ्या मुलाला ‘माझ्या वडिलांना ताप आला आहे म्हणून मी येऊ शकलो नाही’ हे स्वतः इंग्रजीत करावे लागत होते. त्यात कर्ता शोधा, काळ ठरवा, ‘म्हणून’साठी शब्द निवडा, कॉमा द्या, हे सगळे एका वाक्यात येते. तो कस गेला.

पुढचे थोडक्यात सांगतो. इंग्रजी पुन्हा पाचवीत आले. १९७५ साली एस.एस.सी. दहावीला आली. इंग्रजी अध्यापनाच्या हैदराबादच्या संस्थेतून आणि इतरत्र तयार झालेल्या नव्या पद्धती एकामागून एक आल्या, आधी रचनांची, मग संवादाची. जून २०००पासून, रामकृष्ण मोरे शिक्षणमंत्री असताना, इंग्रजी पहिलीपासून सुरू झाले. तो निर्णय मला योग्य वाटला, आजही वाटतो. लहान कान आवाज चांगले पकडतात. मग सेमी-इंग्रजी आले. आज शिरपुरात फार्मसी आहे, इंजिनिअरिंग आहे, इंग्रजी माध्यमाच्या शाळा आहेत, बाहेरगावची मुले इथे शिकायला येतात. ज्या गावातून मॅट्रिकसाठी मुलगा नदीपलीकडे जायचा त्या गावाने हे कमावले, याचा मला अभिमान आहे.

पण याच मुलांचे अर्ज, अहवाल, प्रोजेक्ट मी अजून तपासून देतो. त्यांचा शब्दसाठा माझ्या पिढीपेक्षा मोठा आहे, उच्चार चांगले आहेत, भीड नाही. वाक्य मात्र सुरू होते ते संपत नाही. कॉमाला कॉमा जोडत तीन ओळी जातात. कर्ता एकवचनी, क्रियापद अनेकवचनी. ‘सिन्स’ आणि ‘फॉर’ यांत फरक नाही. त्यांचा मराठी अर्ज मागून पाहिला तर त्यातही तेच: वाक्य संपत नाही, विरामचिन्ह चुकीच्या जागी. एका भाषेत वाक्य बांधायला शिकला नाही तो दुसरीतही बांधत नाही, आणि बारा वर्षे दोन्ही भाषा शिकूनही त्या दोन्ही कधी समोरासमोर आणल्या गेल्या नाहीत.

माझे म्हणणे जुने पुस्तक जसेच्या तसे पुन्हा लावा असे नाही. त्यातली वाक्ये त्या काळची आहेत, जग बदलले आहे. पण त्याचा कणा आजही टिकाऊ आहे. खानदेशातल्या माझ्या शिक्षकबंधूंना आणि भगिनींना, आणि घरी मुलांचा अभ्यास घेणाऱ्या आईवडिलांना माझी हात जोडून विनंती आहे. रोज पाच वाक्ये करून घ्या. ती पुस्तकातली नकोत, मुलाच्या दिवसातली हवीत. कापसाला भाव मिळाला नाही. काका सुरतेहून आले आहेत. काल लाइट गेले होते. ती आधी अहिराणीत बोलू द्या, मग मराठीत लिहू द्या, मग इंग्रजीत. चूक झाली तर ती कोणत्या भाषेतून आली ते विचारा, आणि प्रत्येक वाक्याच्या शेवटी, तिन्ही ठिकाणी, थांबायला शिकवा. याला ना फी लागते, ना ॲप, ना नवीन पुस्तक. एक वही पुरते, आणि ती तपासणारे कोणीतरी माणूस हवे.